पाखरं उठवणारं घराणं

आमच्या घरात पाखरांचा विषय निघाला की तो नुकसानीचाच असायचा. तेलगावला आमची थोडी जमीन होती आणि तिच्यात दरवर्षी ज्वारी. कणसात दाणा भरायला लागला की भोरड्या यायच्या. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, दूरदेशाहून येणारी मैना, हे मला पुढे पुस्तकातून कळलं. घरात तिची ओळख ‘आल्या मेल्या’ एवढ्यावरच संपायची. कुणी आभाळातून चादर झटकावी तसा थवा उतरायचा आणि उठायचा तेव्हा कणसांचे नुसते रिकामे बुरकुंडे मागे राहायचे. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांना शाळा सोडून वावरात बसता यायचं नाही. आईची पाठ धरलेली. त्यामुळे पाखरांशी आमचं जे काही युद्ध होतं, ते एकटी गयाआत्या लढायची.

गयाआत्या पप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमची, आणि आली तशी वावराची मालकीण झाली. गावात पप्पांना सगळे गुरुजी म्हणायचे. आत्या एकटी त्यांना ‘अशोक्या’ म्हणून हाक मारायची, तीही त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर. ज्वारीच्या मधोमध चार मेढी रोवून तिचा माचा बांधलेला असायचा. त्यावर एक घोंगडी, एक पत्र्याचा फुटका डबा, उन्हात वाळवलेले मातीचे गोळे आणि तिच्या हातची विणलेली गोफण. पण गोफण, डबा ही सगळी जोडीला. खरं हत्यार म्हणजे आत्याचा गळा. तिच्या आरोळीला शब्द नसायचे. ती पोटातून निघायची, छातीत फुगायची आणि बाहेर पडेपर्यंत माणसाच्या आवाजापेक्षा काहीतरी मोठं होऊन बसायची. त्या आवाजानं आमच्याच नाही, शेजारच्या दोन वावरांतलीही पाखरं उठायची, आणि ते शेजारी उपकार फेडायला आत्याला हुरड्याला बोलवायचे. एकदा रस्त्यानं चाललेला उसाचा ट्रॅक्टर थांबला आणि ड्रायव्हर ‘कोण गेलं हो?’ असं विचारत बांधापर्यंत आला. आत्यानं त्याला पाणी पाजलं आणि सांगितलं, “कुनी न्हाई गेलं. भोरड्या गेल्या.”

अशा बाईच्या घरात मी वाढले आणि माझा आवाज स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत पोचायचा नाही. त्याची कारणं मी आता शोधते, तेव्हा मला शाळा आठवते. पप्पा स्वतः मराठी शाळेत शिकवायचे आणि मला मात्र त्यांनी व्हॅननं इंग्रजी शाळेत धाडलं. तिथं मराठी शब्द तोंडातून गेला की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी इंग्रजी शब्द गेला की आत्या पदर तोंडाला लावून हसायची आणि शेजारणींना बोलावून ‘पुन्ना म्हन की गं’ करायची. या दोन्हींमध्ये सगळ्यात सुरक्षित भाषा म्हणजे गप्प बसणं, हे मला लवकर उमगलं. बुद्धपौर्णिमेला विहारात मला भाषणाला उभं केलं होतं. मी उभी राहिले, ओठ हलवले, आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं माइक बंद आहे. माइकवाल्याला मात्र पप्पांनी नंतर बरंच ऐकवलं, आणि मी तेव्हाही गप्प राहिले.

शनिवारी मी आत्याचा डबा घेऊन वावरात जायची आणि माच्यावर चढून तिथंच बसायची. ती जेवायला बसली की पाखरं उठवायचं काम माझ्याकडे. मी पत्र्याचा डबा वाजवायची, पण अगदी हळू, कुणाच्या दारावर परवानगी मागावी तसा. पाखरं एकदा माझ्याकडे बघायची आणि पुन्हा दाणे टिपायला लागायची. मला तेच हवं असायचं. एक भोरडी कणसावर बसली की कणीस किती वाकतं, दुसरी आली की पहिली कशी बाजूला सरकते, थव्यातली कुठली आधी उठते, हे बघण्यात माझा जीव रमायचा. आत्या भाकरीचा घास तसाच हातात धरून म्हणायची, “अगं, वाजिव की जरा! तुज्यानं चिमनी बी उठत न्हाई. पाखरं काय म्हनतील? गयाबाईची भाची हाय का कडब्याचं बुजगावनं?”

अंबाजोगाईच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं, त्यात या माच्याचा वाटा होता हे मी घरी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात आमच्या सरांनी मला कोकणातल्या एका बाईंचा नंबर दिला. त्या समुद्रावरच्या पक्ष्यांचा अभ्यास करायच्या. किनाऱ्यावर एक कडा, कड्यासमोर पाण्यात सुटा उभा असलेला मोठा खडक, आणि त्या खडकाच्या कपारींत सुरय नावाचे पक्षी घरटी करतात. आपल्याकडच्या टिटवीएवढे, पण पंख लांब आणि शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. पावसाळ्याआधीचे महिने रोज कड्यावर बसून त्यांची घरटी मोजायला मॅडमना मुलं हवी होती. फोनवर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “तू तासन्‌तास आवाज न करता बसू शकतेस का?” माझ्या आयुष्यात मला येत असलेली एकमेव गोष्ट कुणीतरी मागत होतं. मी ‘हो’ म्हणाले. त्या म्हणाल्या, “जरा मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही.”

घरात मात्र यावर परिषद भरली. त्या दिवशी आईनं येसराची आमटी केली होती. ती पप्पांची आवडती; म्हणजे आई माझ्या बाजूनं होती. पप्पा भुरका मारून म्हणाले, “समुद्र आहे. लांब आहे. ओळखीचं कोणी नाही.” आणि पुन्हा भुरका मारला. आत्याची अडचण वेगळीच होती.

“कावून मोजायची पाखरं?”

“किती आहेत ते कळायला,” मी म्हणाले.

“आन् कळल्यावर?”

“पुढच्या वर्षी पुन्हा मोजायची. कमी झाली का बघायचं.”

आत्यानं भाकरी खाली ठेवली. “अशोक्या, ऐकलंस का? आमी जल्मभर पाखरं हाकलतोय आन् ही चाललीया कमी झाली का बगायला!”

शेवटी पप्पांनी शिक्षकाला शोभेल असा तोडगा काढला. निर्णय त्यांनी घेतलाच नाही. आत्या माझ्याबरोबर जाईल, जागा बघेल, माणसं बघेल. आत्या हो म्हणाली तर मी राहायचं, नाही म्हणाली तर तिच्याबरोबरच परत यायचं. तिकडे मॅडमचंही तेच होतं. पहिला दिवस चाचणीचा. जमलं तर राहा, नाहीतर घरी. म्हणजे मला एकाच दिवशी दोन परीक्षा द्यायच्या होत्या, आणि दोन्ही परीक्षकांना पाखरांमधलं कळत होतं, फक्त उलट्या बाजूनं.

एसटीनं गाड्या बदलत आम्ही निघालो. आत्याच्या पिशवीत धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती, ज्वारीचं पीठ होतं, कारण तिकडे नुसता भात खातात हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि भातानं पोट भरतं यावर तिचा विश्वास नव्हता. पिशवीच्या तळाशी गोफणही होती. मला ती वाटेत दिसली. “कुत्रं-बित्रं आलं तर असावी,” ती म्हणाली. घाट उतरताना तिनं डोळे मिटून घेतले आणि समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा ते उघडून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता ती काहीतरी मोठं बोलणार. ती म्हणाली, “एवढं पानी, आन् वावर एकाचंबी भिजत न्हाई.”

मॅडम पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, आखूड केसांच्या होत्या आणि सतत कुजबुजत बोलायच्या. पक्ष्यांजवळ राहून त्यांना तीच सवय लागली असावी. चहासुद्धा त्या कुजबुजत मागायच्या. त्यांनी आत्याला ‘या मावशी’ म्हटलं. आत्या तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मावशी न्हाई, आत्या म्हना!” मॅडमच्या हातातला कप हलला. पुण्याकडून आलेली चार मुलं होती, ती एकमेकांकडे बघायला लागली. मी जमिनीकडे बघितलं. मग मॅडमनी आत्याला एक गोष्ट सांगितली, ती तिला फार लागली. आत्या पोपटी साडी नेसून आली होती, ठेवणीतली. मॅडम म्हणाल्या, असा रंग पक्ष्यांना लांबून दिसतो, त्यांनी घाबरून घरटी सोडली तर अंडी उन्हात भाजतात आणि कावळे टपलेलेच असतात. म्हणून तिच्या अंगावर एक मातकट चादर लपेटण्यात आली. आत्या माझ्या कानात म्हणाली, “लग्नाला बी एवढी ठेवनीतली न्हाई नेसले, आन् हितं पोतं करून टाकलं मला.”

सकाळी आम्ही कड्यावर गेलो. वर काळपट कातळ पसरलेला, मध्येमध्ये वाळलेलं गवत, आणि मग एकदम जमीन संपते. कडेला पालथं झोपून समोर बघायचं. मधल्या फटीत खाली पाणी आपटत होतं आणि पलीकडे तो खडक, चुना लावल्यासारखा पांढरा. आधी मला वाटलं, खडकाचाच रंग असेल. मग त्यातलं काहीतरी हललं, मान वळली, पंख उघडून मिटला आणि लक्षात आलं की प्रत्येक कपारीत, प्रत्येक टोकावर पक्षी आहे. कलकलाट असा की एसटी स्टँडवर सगळ्या गाड्या एकदम लागाव्यात. वास आला तशी आत्या म्हणाली, “खुराडं हाय की गं हे!” पण हे तिनं खरोखर कुजबुजून म्हटलं. तिला तसं बोलता येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मला दुर्बीण दिली आणि खडकाचा डावा भाग वाटून दिला. मी मोजायला लागले. तो तास मला अजून आठवतो, कारण त्या तासात माझ्या अंगातलं काहीही मला जड वाटत नव्हतं. बोलायचं नव्हतं, हसून दाखवायचं नव्हतं, कुणाचं नाव विचारायचं नव्हतं. आजूबाजूचे सगळे माझ्याइतकेच गप्प होते. असा समाज जगात कुठेतरी असतो आणि त्यात राहायला नेमतात, हे कळून मला भरून आलं होतं. आत्यासाठी मात्र तो तास कठीण होता. माझ्या शेजारी चादरीत गुंडाळलेली ती पालथी पडली होती आणि तिचा उजवा हात सारखा चुळबुळत होता. समोर एवढी पाखरं आणि एकही उठवायची नाही, हे तिच्या हाताला कुणी समजावलं नव्हतं.

तेवढ्यात कावळा आला. खडकाच्या वरच्या कडेला उतरला आणि कामावर आलेल्या माणसासारखा सावकाश चालत एका घरट्याकडे निघाला. त्या घरट्यातली सुरय ओरडली, शेजारच्या दोघी ओरडल्या, कावळा थांबला, मान तिरकी केली, पुन्हा दोन पावलं पुढे. पुण्याची मुलं श्वास रोखून बघत होती. मॅडम दुर्बिणीतून बघत होत्या. मी सवयीनं सगळ्यांकडे बघत होते. लाजरी माणसं खोलीत आधी माणसं बघतात, मग वस्तू. कड्यावरही माझं तेच चाललं होतं. म्हणून फक्त मला दिसलं की आत्याच्या अंगावरची चादर घसरली आहे, पोपटी साडी उन्हात लखलखते आहे, आत्या गुडघ्यावर उठली आहे, आणि कमरेला खोचून आणलेली गोफण तिच्या डोक्यावर फिरायला लागली आहे.

मी “आत्या” म्हणाले. वाऱ्यानं ते तिथंच गिळलं. मी पुन्हा म्हणाले. गोफण आणखी एक वेढा फिरली. तो दगड सुटला तर कावळ्याला लागो न लागो, खडकावर आपटून त्या दाटीत कुठेतरी जाणार होता. मग नेमकं काय झालं ते मला सांगता येत नाही. पोटात काहीतरी सुटलं, छातीत चढलं आणि तोंडातून बाहेर पडलं.

“आत्याऽऽऽऽ!”

तो आवाज माझा आहे हे मला सगळ्यात शेवटी कळलं. आधी आत्याचा हात जागच्या जागी थांबला आणि दगड तिच्याच पायाशी पडला. मग कावळा उडाला, रिकाम्या चोचीनं, घाबरून, सरळ जमिनीच्या दिशेनं. आणि मग समोरचा अख्खा खडक उठला. पांढरा होता तो काळा उघडा पडला आणि तेवढंच पांढरं आभाळात गेलं. आमच्यावर सावली आली. एक पुण्याचा मुलगा ‘ओ गॉड’ म्हणाला आणि लगेच त्यानं स्वतःचं तोंड दाबलं.

मॅडमनी आम्हाला हातानंच ‘झोपा’ सांगितलं. आम्ही नाक कातळाला टेकवून पडलो. वर पक्षी घिरट्या घालत होते, खाली मोकळी अंडी ऊन खात होती, आणि मी मनातल्या मनात पिशवी भरत होते. आत्या माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पश्चात्ताप नव्हता. पप्पांना नोकरी लागल्याची ऑर्डर आली तेव्हा ती अशी दिसली होती, असं आई पुढे म्हणाली, मी तो चेहरा करून दाखवला तेव्हा. ती ओठांनीच म्हणाली, “डोंगर उठिवला गं बाई!”

पक्षी उतरायला लागल्यावर मॅडम सरपटत माझ्याजवळ आल्या. कुजबुजत रागावणं किती भयंकर असतं ते तेव्हा कळलं. “तुला एकच गोष्ट विचारली होती मी फोनवर.” मी मान खाली घातली. “सामान बांध. उद्या सकाळची एसटी आहे.”

“मॅडम,” आत्या मधे पडली, “तिनं मला थांबिवलं. माज्या हातात ही व्हती.” आणि तिनं गोफण पुढे केली.

मॅडमनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. “तुम्ही माझ्या पक्ष्यांवर दगड मारणार होतात?”

“पाखराला कशापायी मारीन? कावळ्याला. माजा नेम चुकत न्हाई.”

“आणि कावळ्याला लागून दगड पुढे कुठं गेला असता?”

आत्यानं समोरच्या खडकाकडे पाहिलं, हात डोळ्यावर धरून, जसं ती वावर बघायची तसं. “हितं समदं पीकच पाखरांचं हाय,” ती शेवटी म्हणाली. “मला कुटं ठावं व्हतं.”

मॅडमनी गोफण तिच्या हातात परत दिली. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुला कसं दिसलं? मी कावळा बघत होते. सगळेच कावळा बघत होते.”

मी म्हणाले, “मी माणसं बघत होते.” एवढं वाक्यसुद्धा त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

त्यांनी मला खाली येऊ दिलं नाही. बाकीच्यांना आणि आत्याला परत धाडलं आणि मला तिथंच बसवलं. माझ्यामुळे जेवढी घरटी मोकळी झाली, ती सगळी भरलेली दिसेपर्यंत मी उठायचं नाही. दुपार झाली, कातळ तापला, आत्यानं एका मुलाच्या हाती धपाटे पाठवले. एकेक कपार भरत गेली. एक अंडं मात्र बराच वेळ उघडं होतं. दोन्ही बाजूंच्या शेजारणी बसल्या होत्या आणि मधली जागा रिकामी. मी त्या अंड्याकडे इतकं बघितलं की मलाच ऊन लागल्यासारखं झालं. उन्हं कलल्यावर एक सुरय आली, तीनदा हुकली, शेजारणींच्या चोची खाल्ल्या आणि धपकन बसली. मी तेव्हा रडले, हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्यात हे मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “राहा. पक्ष्यांवर नजर ठेवणारे पुष्कळ आहेत माझ्याकडे. पक्ष्यांना त्रास देणाऱ्यांवर ठेवणारं कुणी नव्हतं. पण ती बाई उद्या गेली पाहिजे. गोफणीसकट.”

खोलीवर आले तर आत्या पप्पांशी फोनवर बोलत होती, फोन हातभर लांब धरून. माझा निकाल आधीच लागला होता. “अशोक्या, जागा काय बरी न्हाई. भात हाय, मासळी हाय, गड्यावानी केस कापलेली बाई हाय. पन ऱ्हाऊ दे पोरीला. हिला कोन काय करतंय? आख्खा डोंगर उठिवला हिनं! आरं, आपल्या घरचाच आवाज हाय. आतापत्तर कुटं दडिवला व्हता, इचारतेच आता.” पलीकडून पप्पा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. आमच्याकडे पुरुषांचे आवाज तसे लहानच.

आता मी याच कामावर आहे, वेगवेगळ्या किनाऱ्यांवर. बैठकीत सगळे मला ‘जरा मोठ्यानं’ म्हणतात आणि मी काही बोलत नाही. त्यांना काय कल्पना.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कड्यावर पाळी होती, त्यामुळे आत्याला एसटीपर्यंत सोडायला जाता आलं नाही. निघताना ती माझ्याशी शेवटपर्यंत कुजबुजत बोलली. पीठ संपलं की कळव, माशाचे काटे बघून खा, पाण्याच्या कडेला जाऊ नको. कड्यावरून खालचा रस्ता दिसतो. लाल गाडी आली, आत्या चढली, खिडकीशी बसली. आमच्याकडे माणूस निघालं की नजरेआड होईस्तोवर हाका मारायची रीत आहे, आणि आत्याच्या हाका तर पुढच्या थांब्यापर्यंत जायच्या. पण तिनं खिडकीतून नुसता हात हलवला. दुसऱ्या हातानं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता. गाडी वळणाला लागेपर्यंत तो तसाच होता. मॅडम माझ्या शेजारी पालथ्या पडून हे बघत होत्या. गाडी डोंगराआड गेली आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

मग डोंगरापलीकडून ती आरोळी आली. लांबून, वाऱ्यावर, शब्दांशिवाय. समोरच्या खडकावर सगळ्या माना एकदम वर झाल्या. मॅडमनी माझा दंड धरला. एक सुरय अर्धी उठली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या अंड्यावर बसली. बाकीचं कुणी हललं नाही.

उठून उभी राहिले होते ती एकटी मीच.